दोन तासांचं पदक

मी जस्ताचं पदक बोलतोय.

पदक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सोनं-चांदी येत असेल. माझी थोरली भावंडं निदान काशाची तरी होती. पण १९१७ साल उजाडेपर्यंत आमच्या जर्मनीतलं सगळं तांबं, पितळ आणि कासं तोफगोळ्यांच्या पोटात गेलं होतं. चर्चच्या घंटा उतरवल्या, स्वयंपाकघरातली पातेली नेली, दारांच्या मुठीसुद्धा सोडल्या नाहीत. उरलं जस्त. मग टाकसाळीने माझं जस्तावरच भागवलं आणि वरून काशाच्या रंगाचा हात फिरवला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशातली गत.

माझ्या पुढच्या अंगाला क्रॉस आहे आणि त्याच्या कोपऱ्यांत राजाचे मुकुट. मागे अक्षरं आहेत : ‘रेड क्रॉसच्या सेवेबद्दल’. लढाईत जखमी झालेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यायला मला घडवलं. पुरुषांना आम्हाला सरळ फितीवर लावून देतात, बायकांना त्याच फितीचा बो करून. मला बो शिवला, तेव्हाच कळलं की आपण कुण्या बाईकडे जाणार.

जस्ताचा एक गुण सांगून ठेवतो. जस्त पडलं तर वाजत नाही, नुसतं थप्प होतं. म्हणून पुढचं सगळं मी असंच सांगणार आहे, फार न वाजता.

नोव्हेंबर महिन्यात आम्हा बारा जणांना एका खोक्यात घालून आल्टेनवेर्डा नावाच्या गावी धाडलं. नदीकाठचं लहानसं गाव. तिथल्या मुलींच्या शाळेचं लष्करी इस्पितळ झालेलं. वर्गावर्गांत खाटा, भिंतींवर तेच जुने नकाशे, आणि नकाशाखाली पाय नसलेली पोरं. कापूस संपला होता, म्हणून जखमांना कागदाच्या पट्ट्या बांधत. जेवायला सलगम, कॉफी म्हणून भाजलेले जव. त्यातही पोरं थट्टा करायची. एकजण म्हणायचा, “सिस्टर, पट्टी कागदाची आहे तर निदान आजचं वर्तमानपत्र तरी बांधा, वाचायला होईल!”

ते सारं मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी मी शाळेच्या व्यायामशाळेत होतो, हिरव्या कापडाच्या टेबलावर.

त्या दिवशी सकाळी दहाला समारंभ होता. बारा सिस्टर धुतलेले ॲप्रन घालून आडनावांच्या क्रमाने रांगेत उभ्या होत्या. पदकं द्यायला जिल्ह्याहून एक मोठे साहेब यायचे होते. दहा वाजले, सव्वादहा झाले, साहेबांचा पत्ता नाही. गाडीला उशीर होता. फोटोवाला आपला डबा तिपाईवर ठेवून बसून राहिला. इस्पितळातले दोन सेवक साहेबांना उतरवून घ्यायला स्टेशनवर गेले होते.

रांगेच्या टोकाला ओटिली त्सोबेल होती. वय असेल सव्वीस-सत्तावीस. जंतू मारायच्या कार्बोलिकने हात सोलून निघालेले. ती सारखी दाराकडे बघत होती.

“किती वाजले गं?” तिने शेजारच्या सिस्टर वाल्टराउटला हळूच विचारलं.

“साडेदहा. का, पाय दुखले?”

“हिन्नर्क न्हाणीघरात आहे.”

वाल्टराउटचीही नजर दाराकडे गेली. न्हाणीघर म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचं आता काही खरं नाही, त्याची खाट ढकलत न्हाणीघरात नेत, बाकीच्यांना दिसू नये म्हणून. पोरांना दिसत नसलं तरी कळायचं. ‘अमका आंघोळीला निघाला’ असं ती म्हणत, आणि मग बराच वेळ कुणी थट्टा करत नसे.

“त्याच्याजवळ कोण आहे?” वाल्टराउटने विचारलं.

“कोण असणार? सगळ्या तर इथे आहोत.”

ओटिलीने मान पुढे काढून मोठ्या सिस्टरांना हाक मारली. “सिस्टर हेडविग, मी पाच मिनिटांत जाऊन येते.”

“कुठे?”

“न्हाणीघरात. हिन्नर्क ल्यूर्स आहे तिथे. मी त्याला अर्ध्या तासात येते असं सांगून आलेय.”

“साहेब कुठल्याही क्षणी येतील. तुझी जागा शेवटची. ती रिकामी राहिली तर फोटोत तेवढंच दिसेल.”

“तो म्हणाला, बसा. नुसतं बसा म्हणाला.”

“सैनिक आहे तो,” सिस्टर हेडविग म्हणाल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या, त्यांचा स्वतःचा भाऊ पूर्वेच्या आघाडीवर बेपत्ता होता. “रांग म्हणजे काय ते त्याला कळतं.”

आता खरं सांगायचं तर ओटिलीला कुणी बांधून घातलं नव्हतं. ती दारातून बाहेर पडली असती तर फार तर बोलणी बसली असती. पण या लोकांचं एक आहे. रांग लागली की त्यांचे पाय जमिनीत रुजतात. शाळेच्या पहिल्या दिवसापासून तेच शिकवलेलं असतं. रांग मोडून जाणं म्हणजे चारचौघांत लुगडं सोडण्यासारखं. ती उभी राहिली. मीही टेबलावर पडून राहिलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले.

साहेब पावणेबाराला आले, आणि आले ते माफी मागत नव्हे, तर भाषण करत. त्यागाबद्दल बोलले, स्त्रीच्या कोमल हाताबद्दल बोलले. मग एकेकीच्या छातीवर पदक लावत शेवटी ओटिलीपाशी पोचले. घाईत त्यांनी मारलेली माझी पिन ॲप्रनमधून तिच्या कातडीत गेली. ती हलली नाही. फोटोवाल्याने हलू नका म्हणून सांगितलं होतं.

फोटो निघाला तशी ती पळाली.

न्हाणीघरात मोठा पत्र्याचा टब होता आणि त्याच्या शेजारी खाट. मुलगा असेल वीस-एकवीसचा. डोळे उघडे होते. त्याने खाटेबाहेर हात लांब करून भिंतीतला पाण्याचा नळ धरला होता, अगदी मुठीत घट्ट. ओटिलीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग ती एकेक बोट नळावरून सोडवू लागली. बोटं सोडवायला बराच वेळ लागला. तोवर मी तिच्या छातीवर लोंबत होतो आणि वाकल्यावर त्याच्या मनगटाला लागत होतो. मला लाज वाटली. जस्ताला एवढं वाटतं.

ओटिलीचं अक्षर सुंदर होतं. म्हणून इस्पितळात कुणी गेला की घरच्यांना पत्र लिहायचं काम तिच्याकडे. त्याच दुपारी कॉफीच्या वेळी ती दौत घेऊन बसली आणि हिन्नर्कच्या आईबापांना पत्र लिहिलं. ‘तुमचा हिन्नर्क आज दुपारी शांतपणे गेला. त्याला वेदना नव्हत्या.’ ही वाक्यं तिने शेकड्याने लिहिली असतील, ती तर सगळेच लिहितात. मग तिने टाक थांबवला. शाई वाळली म्हणून पुन्हा बुडवला आणि लिहिलं, ‘शेवटपर्यंत मी त्याचा हात माझ्या हातात धरला होता.’

हे वाक्यही तिने पूर्वी लिहिलं होतं. पण पूर्वी ते जेव्हा खरं असेल तेव्हाच लिहायची.

पाकीट चिकटवून तिने मला काढलं आणि टेबलाच्या खणात रफू करायच्या लोकरीच्या गुंड्यांखाली टाकून दिलं. रडली बिडली नाही. दुसऱ्या दिवशी कामाला गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. तिचे हात चालत, पाय चालत, बाकी सगळं कुणीतरी कुलूप लावून बंद केल्यासारखं. एकदा पाव कापताना सुरी बोटात रुतली, तर समोरची म्हणाली, “अगं रक्त!” तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं.

लढाई संपली. राजा देश सोडून गेला, त्याचे मुकुट माझ्या अंगावर राहिले. शाळेत पुन्हा मुली आल्या. ओटिली गावची सिस्टर झाली. सायकलवर घरोघरी जायची, म्हाताऱ्यांचे पाय धुवायची, बाळंतिणींना बघायची. लोक म्हणत, सिस्टर ओटिली आल्या म्हणजे घड्याळ लावून घ्यावं. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती आणि तिच्याकडे कुणी गप्पा मारायलाही जात नसे.

गावात शहिदांचं स्मारक उभं राहिलं तेव्हा पाद्रीबुवांनी तिला निरोप धाडला, पदक लावून या. तिने उलट निरोप पाठवला, फीत उंदरांनी खाल्ली. माझी फीत धडधाकट होती. तिच्या घरात उंदरांना खायला होतंच काय!

एकवीस सालच्या मे महिन्यात दारावर थाप पडली.

बाहेर एक म्हातारी उभी होती. काळा पोशाख, डोक्याला काळा रुमाल, हातात झाकलेली टोपली. ती दमली होती, पण तोंडाने दमलेली नव्हती.

“सिस्टर ओटिली त्सोबेल तुम्हीच ना? मी गेशे ल्यूर्स. हिन्नर्कची आई.”

ओटिलीने तिला आत घेतलं. मी आता तिच्या घरच्या टेबलाच्या खणात होतो, त्याच लोकरीखाली. खण बोटभर उघडा होता.

“तीन गाड्या बदलल्या बघा,” गेशेबाई सांगू लागल्या. “तिसऱ्या गाडीत एक गृहस्थ टोपलीजवळ नाक आणून बसला. धुरावलेलं मांस आहे आत, आमच्याकडचं. मी म्हटलं, घे बाबा वास, तो फुकट आहे, चावशील तर बघ! ते तुमच्यासाठी आणलंय. आधीच यायचं होतं, पण म्हाताऱ्याला टाकून कशी येणार? आमच्या हार्मला आता दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत सारा पडलाय.”

ओटिलीने जवाची कॉफी पुढे ठेवली.

“तुमचं पत्र मी त्याला दर रविवारी वाचून दाखवते,” गेशेबाई म्हणाल्या. “पाठ आहे त्याला, मी एक शब्द गाळला तर ओरडतो. यंदा म्हणाला, मी काही जाऊ शकत नाही, तू जाऊन ये. त्या बाईचा हात बघून ये, आणि कसा होता ते मला येऊन सांग. आता बघा, काय म्हणावं याला!”

त्या हसल्या. मग टोपलीतून त्यांनी करड्या लोकरीचे हातमोजे काढले.

“मेंढी आमचीच. कातलेत मी, विणलेत मी. माप अंदाजाने घेतलं. आणा हात इकडे. कुठल्या हाताने धरलं होतं? उजव्या? उजवाच असेल.”

त्यांनी ओटिलीचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि लहान मुलाला घालावा तसा हातमोजा चढवू लागल्या. करंगळी नीट बसवली. अंगठा बसवला.

“बाई,” ओटिली म्हणाली, “मी तिथे नव्हते.”

“कुठे नव्हतात?”

“हिन्नर्कजवळ. तो गेला तेव्हा. हात मी धरला नव्हता.”

गेशेबाईंच्या बोटांत हातमोजा अर्धा राहिला.

“मग कोण होतं?”

“कुणी नव्हतं.”

“तुम्ही कुठे होतात?”

ओटिलीने डाव्या हाताने खण ओढला, लोकरीखालून मला काढलं आणि टेबलावर टाकलं. थप्प. “हे घ्यायला उभी होते. साहेबांची गाडी उशिरा आली. दोन तास.”

“मधे जाता आलं नसतं?”

“आलं असतं,” ओटिली म्हणाली. “रांग होती.”

गेशेबाईंनी होकाराची मान हलवली. हे मी कधी विसरणार नाही. ‘रांग होती’ म्हटल्यावर त्या बाईने मान हलवली, जशी काही ती गोष्ट कुणालाही पटेल. मग त्यांनी विचारलं, “त्याने कुणाला हाक मारली?”

“माहीत नाही. ऐकायला कुणी नव्हतं.”

“हात रिकामाच होता म्हणजे.”

“नाही. पाण्याचा नळ धरला होता.”

“गरम होता का नळ?”

ओटिलीने त्यांच्याकडे पाहिलं. अजूनही तिला खोटं बोलता आलं असतं. “नाही,” ती म्हणाली. “पाणी तापवायला कोळसा नव्हता.”

कॉफीवर साय धरावी तसा पातळ पापुद्रा धरला होता. दोघीही त्या कपाकडे बघत बसल्या. एकजण जरी रडली असती तरी बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण दोघींच्याही तोंडावर काही नव्हतं.

“तुम्ही मला हे कशाला सांगितलंत?” शेवटी गेशेबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “गप्प राहिला असतात तर मी सुखाने घरी गेले असते.”

“तुम्ही हातमोजा घालत होतात. मला ते सोसेना. साडेतीन वर्षं मला काही वाटलं नव्हतं. आत्ता वाटलं.”

“तुम्हाला वाटलं! आणि मी आता हार्मला काय सांगू?”

“खरं सांगा.”

“खरं!” गेशेबाई म्हणाल्या. “अहो, त्याला दिसत नाही. डोळ्यांपुढे बघायला त्याच्याकडे तेवढं एक पत्र आहे. ते मी काढून घेऊ?”

गेशेबाईंनी मला उचललं, उलटं करून अक्षरं वाचली. “किती हलकं आहे हो हे,” त्या म्हणाल्या. मग मला त्यांनी टोपलीत टाकलं.

“आमच्या पोराचं काहीच परत आलं नाही. घड्याळ नाही, पट्टा नाही, बूटसुद्धा नाही. त्याचे ते दोन तास यात गेले ना? मग हे तुमचं नाही, आमचं आहे.”

“न्या,” ओटिली म्हणाली. तिने हातमोजा काढून घडी घातली आणि पुढे केला.

“राहू दे तो. तुमच्या मापाचा झालाय, माझ्या हाताला व्हायचा नाही.” दाराशी जाऊन त्या वळल्या. “मांस टांगून ठेवा. उन्हाळ्यात लवकर वास येतो.”

परतीच्या तिन्ही गाड्यांत मी टोपलीच्या तळाशी होतो. शेजारच्या बाईने विचारलं, “लेकाकडून आलात वाटतं?” तर गेशेबाई ‘हो’ म्हणाल्या.

त्यांचं गाव पार उत्तरेला, दलदलीच्या काठावर. तिथे चुलीत लाकडाऐवजी दलदलीतली वाळवलेली माती जाळतात, तिचा धूर सगळ्या घराला लागलेला असतो. हार्म चुलीपाशीच बसला होता. पावलं ओळखून त्याने मान वर केली.

“आलीस? भेटली?”

“आधी बूट तर काढू दे म्हाताऱ्या.”

“बूट काढ, पण सांग. हात बघितलास तिचा?”

गेशेबाई खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. दाराबाहेरच त्यांनी मला टोपलीतून काढून खिशात टाकलं होतं, आणि मधेमधे त्यांचा हात खिशावर येत होता. एक नाडी सुटली. दुसरीला गाठ बसली होती, ती त्यांनी मुद्दाम हळूहळू सोडवली. मला वाटलं, आता सांगते ही. रांगेचं, नळाचं, सगळं सांगते आणि मोकळी होते.

“बघितला,” त्या म्हणाल्या.

“कसा होता?”

“गरम होता.”

“गरम म्हणजे?”

“गरम म्हणजे गरम. भट्टीतून पाव काढला की असतो तसा.”

हार्मने मान मागे टेकली. “मग ठीक आहे,” तो म्हणाला. “तेवढंच मला हवं होतं.”

गेशेबाई उठून बकव्हीट नावाच्या धान्याच्या पिठात पाणी घालू लागल्या. रविवारी त्यांनी पत्र वाचलं. एक शब्द गाळला नाही. ‘हात माझ्या हातात धरला होता’ इथे आल्या तेव्हा आवाज जसा होता तसाच राहिला. मी ओळखलं, इतकी वर्षं ओटिलीचा आवाज असाच होता, कुलूप लावल्यासारखा.

याला तीन वर्षं झाली. मी त्या स्वयंपाकघराच्या खणात आहे, चमच्यांखाली. काशाचा रंग पार उडाला आणि अंगावर पांढरी भुकटी धरली. मला घासायला कुणाला सवड नाही, आणि कुणी घासूही नये. आल्टेनवेर्ड्याहून नाताळात एक पोस्टकार्ड येतं, त्यावर सुंदर अक्षरात नाव आणि तारीख. गेशेबाई ते हार्मला दाखवत नाहीत, जाळतही नाहीत. दर रविवारी पत्र वाचून झालं की हार्म विचारतो, हात कसा होता म्हणालीस? आणि त्या सांगतात.

वाचकहो, माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं. हे तुमच्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून एक विनंती करतो. कधी उत्तरेकडे जाणं झालं आणि दलदलीकाठच्या एखाद्या घरात चुलीपाशी बसलेला आंधळा म्हातारा भेटला, तर तो तुम्हाला नक्की सांगेल की माझ्या मुलाचा हात शेवटपर्यंत एका सिस्टरने धरला होता. प्रत्येक पाहुण्याला तो सांगतो. तेव्हा तुम्ही म्हणा, हो, ऐकलंय आम्ही. गरम होता म्हणे हात.

माझं नाव मात्र काढू नका.